बडोद्यात ॲपवरची गाडी: भाडं वाचायचं कसं आणि गाडी दारात आणायची कशी

रावपुऱ्यातून गोत्रीला जायचं असलं, की दुपारी तीनला ॲप एक भाडं दाखवतं आणि संध्याकाळी सातला त्याच वाटेचं भाडं दीडपट झालेलं असतं. त्याहून जास्त त्रास वेगळाच असतो. कमी भाडं पाहून बुकिंग करावं, कुणीतरी ते स्वीकारावं, चार मिनिटं नकाशावर गाडी जागची हलू नये आणि मग कॅन्सल व्हावं. भाडं किती दिसतं आणि त्या भाड्यात गाडी येते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कंपनीचं गणित देतं, दुसऱ्याचं ड्रायव्हरचं. बहुतेक सल्ले पहिल्यावरच थांबतात. इथे दोन्ही बाजू घेतल्या आहेत, आणि दुसरीवर जास्त भर आहे, कारण बडोद्यासारख्या शहरात गाडी मिळणं-न मिळणं बहुधा तिथेच ठरतं. ॲप ओलाचं असो, उबरचं असो की रॅपिडोचं, रीत सारखीच आहे.

भाड्यात काय काय धरलेलं असतं

मूळ आकार, दर किलोमीटरचा दर, दर मिनिटाचा दर आणि बुकिंगचा आकार, हा झाला पाया. गर्दीच्या वेळी यातल्या मोठ्या भागाला एका आकड्याने गुणतात, त्याला सर्ज म्हणतात. वर टोल आणि ५ टक्के जीएसटी. रस्त्यावर हात दाखवून थांबवलेल्या रिक्षाला जीएसटी नाही. ॲपवरून बोलावलेल्या रिक्षाला १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, म्हणून तीच रिक्षा ॲपवर थोडी महाग पडू शकते.

सर्ज सगळ्या शहराला एकदम लागत नाही. शहराचा नकाशा लहान लहान चौकटींत वाटलेला असतो. उबर त्यासाठी षटकोनी घरं वापरते आणि तिने ही पद्धत २०१८ मध्ये सर्वांसाठी खुली केली. प्रत्येक घरात आत्ता किती जण गाडी मागताहेत आणि किती गाड्या रिकाम्या आहेत याचा हिशेब काही मिनिटांनी पुन्हा होतो. म्हणून सयाजीगंजात भाडं चढलेलं असताना फत्तेगंजात ते साधं असू शकतं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को आणि मॅनहॅटनमधल्या उबरच्या दरांवर लक्ष ठेवून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात बहुतेक सर्ज थोडाच वेळ टिकणारे निघाले, आणि काही वेळा शेजारच्या भागात चालत गेल्यावर भाडं उतरत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वाढीला मर्यादाही आहे. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्ज मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत होता, तो जुलै २०२५ च्या सूचनांत मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेला गेला. खाली उतरायची मर्यादा मूळ भाड्याच्या निम्मी. मात्र मूळ भाडं राज्य सरकारने ठरवायचं आणि सूचनाही राज्याने स्वीकारायच्या असतात. म्हणून 'दुप्पट म्हणजे बेकायदा' असं ड्रायव्हरशी भांडू नका. भाडं त्याने ठरवलेलं नसतं.

पहिली पायरी: आपली मोजपट्टी तयार करा

भाडं जास्त आहे की कमी, हे कळायला साधं भाडं माहीत हवं. ॲप ते सांगत नाही. पूर्वी '१.४ पट' असं लिहून यायचं, आता बहुधा थेट एकच रक्कम येते. तेव्हा नेहमीच्या दोन-तीन वाटा घ्या, उदाहरणार्थ घर ते स्टेशन, घर ते सयाजी हॉस्पिटल, घर ते मुलांचा क्लास. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकरा आणि दुपारी तीनच्या सुमारास बुकिंग न करता फक्त भाडं पाहा आणि फोनमध्ये टिपून ठेवा. रिक्षा, बाइक आणि लहान गाडी, तिन्हींचं.

रिक्षासाठी दुसरी मोजपट्टी सरकारी दराची. गुजरात सरकारने जून २०२२ मध्ये पहिल्या १.२ किलोमीटरला किमान २० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १५ रुपये ठरवले. मधल्या काळात दर बदलला असेल तर आरटीओचा ताजा आकडा घ्या, हिशेबाची रीत तीच. सहा किलोमीटरला २० अधिक ४.८ गुणिले १५, म्हणजे ९२ रुपये. ॲप १४० दाखवत असेल तर दीडपट सर्ज आहे असं समजा. ६५ दाखवत असेल तर लगेच खूश होऊ नका. एवढ्या भाड्यात रिक्षावाला येईल का, हा प्रश्न आधी विचारा.

दुसरी पायरी: ड्रायव्हरचा हिशेब करून बघा

ही पायरी कुणी करत नाही, आणि कॅन्सल होणाऱ्या बुकिंगचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

समजा लहान सीएनजी गाडी आहे, शहरात किलोला २४ किलोमीटर देते, आणि गॅस ८० रुपये किलो धरला. किलोमीटरला साधारण ३ रुपये ३३ पैसे. तुमचं भाडं १८० रुपये, वाट सात किलोमीटरची. जीएसटी काढला की उरतात १७१. कंपनीने २० टक्के कमिशन घेतलं तर ड्रायव्हरच्या हातात १३७.

आता दोन प्रसंग. पहिल्यात गाडी तुमच्यापासून तीन किलोमीटरवर आहे आणि तुम्ही भायलीला उतरता. तिथून रात्री परतीचं भाडं नाही, म्हणून चार किलोमीटर रिकामं यावं लागतं. एकूण धाव चौदा किलोमीटर, गॅस ४७ रुपये, वेळ पाऊण तास. उरले ९० रुपये, म्हणजे तासाला १२०. दुसऱ्या प्रसंगात गाडी आठशे मीटरवर आहे आणि तुम्ही स्टेशनला उतरता, जिथे पुढचं भाडं उभंच असतं. धाव ७.८ किलोमीटर, गॅस २६ रुपये, वेळ बत्तीस मिनिटं. उरले १११, म्हणजे तासाला दोनशेच्या वर. गाडीचा हप्ता, टायर, विमा अजून यात धरलेलाच नाही.

भाडं तेच, वाटही तेवढीच, तरी ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पावणेदोन पट. तो दुसरं बुकिंग घेतो आणि पहिलं टाळतो, यात माणुसकीचा प्रश्न नाही, साधा हिशेब आहे. यातून प्रवाशाने तीन गोष्टी बघायला शिकावं: गाडी किती लांबून येणार, तुम्ही जिथे उतरणार तिथे परतीचं भाडं आहे का, आणि वाट किती वेळ खाणार. लिमडाकडे, वाघोडिया रोडच्या टोकाला, सेवासीच्या पलीकडे रात्री जायचं असेल तर 'स्वस्त' भाड्यावर अर्धा तास घालवू नका. एक वर्ग वरची गाडी घ्या, नाहीतर ओळखीच्या रिक्षावाल्याशी आधीच ठरवा.

सगळ्याच ठिकाणी आता कमिशन राहिलेलं नाही. काही ॲप ड्रायव्हरकडून रोजची ठरावीक रक्कम घेतात आणि भाडं पूर्ण त्याला देतात. उबरने फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षासाठी ही पद्धत धरली. तिथे स्क्रीनवरचं भाडं सुचवलेलं असतं आणि पैसे थेट रिक्षावाल्याला रोख किंवा यूपीआयने द्यायचे असतात. म्हणून अशा रिक्षात बसण्याआधी रक्कम बोलून घ्या. जास्त घेतले गेले तर ॲपकडून परतावा मिळणं अवघड जातं, कारण पैसे कंपनीच्या हातातून गेलेलेच नसतात.

तिसरी पायरी: वाढ कुठल्या जातीची आहे ते ओळखा

थांबावं की नाही, हे यावरून ठरतं.

एक म्हणजे लाटेची वाढ. मुंबईहून आगगाडी आली, चित्रपट सुटला, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) पाळी सुटली. पाचशे लोक एकदम ॲप उघडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पांगतात. इथे थांबण्यात फायदा आहे. चहा घ्या, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. दुसरी पठाराची वाढ: संध्याकाळी सव्वासहा ते आठ, पावसाची संततधार, नवरात्रीची रात्र. इथे थांबून भाडं उतरत नाही, उलट गाड्या कमी होत जातात. दिसलेलं भाडं परवडत असेल तर घ्या. तिसरी टंचाईची: पहाटे साडेचार, किंवा हरणी विमानतळावर दोन विमानांच्या मधली वेळ. मागणी थोडी, पण गाडीच नाही. इथे भाडं वाढलेलं दिसेलच असं नाही, फक्त 'गाडी उपलब्ध नाही' येतं. यावर उपाय आदल्या रात्रीच करायचा असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. भाडं चढलेलं आणि गाडी तीन मिनिटांवर, तर लाट. भाडं चढलेलं आणि गाडी बारा मिनिटांवर, तर पठार. भाडं साधं आणि गाडी सतरा मिनिटांवर, तर टंचाई, आणि हे बुकिंग कॅन्सल होण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

सर्ज काढूनच टाकला तर काय होतं, याचं एक उदाहरण नोंदलेलं आहे. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये उबरची सर्जची यंत्रणा २६ मिनिटं बंद पडली. त्या वेळात थांबण्याचा वेळ वाढला आणि पूर्ण होणाऱ्या बुकिंगचं प्रमाण घसरलं. हा अभ्यास करणाऱ्यांत कंपनीचेच लोक होते, तेवढं धरून तो वाचावा. पण जवळच्या गाड्या संपल्या की लांबच्या गाड्या बोलावल्या जातात, त्या रिकाम्या धावण्यात अडकतात आणि टंचाई आणखी वाढते, हे कुठल्याही शहराला लागू आहे. लांबची गाडी घेऊ नका असं सांगण्यामागे हेही कारण आहे.

चौथी पायरी: पिन हाताने लावा

बडोद्यात रेल्वे आणि विश्वामित्री शहराचे उभे तुकडे करतात. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन जागा रस्त्याने दोन किलोमीटर लांब असू शकतात. फोनची जागा वीस-तीस मीटर चुकली तरी पिन, म्हणजे ॲपच्या नकाशावरची तुमच्या जागेची खूण, रुळांच्या पलीकडे पडते.

स्टेशन हे याचं सगळ्यात मोठं ठिकाण. एक बाजू सयाजीगंजची, दुसरी अलकापुरीची. फलाटावर उभं राहून बुकिंग केलं की पिन कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नाही. ड्रायव्हर अलकापुरीकडे येऊन थांबतो, तुम्ही सयाजीगंजात सामान घेऊन उभे, आणि त्याला गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या वाटेने, किंवा जेतलपूर पुलावरून वळसा घालावा लागतो. तो कॅन्सल करणारच. म्हणून आधी जिना उतरून बाहेर या, कुठल्या बाजूला आहात ते पाहा, पिन बोटाने ओढून एखाद्या दुकानाच्या किंवा हॉटेलच्या नावावर ठेवा, मग बुकिंग करा. गोत्री, अकोटा, जुना पादरा रोड इकडे जायचं असेल तर अलकापुरीकडून बाहेर पडा. कारेलीबाग, रावपुरा, मांडवीसाठी सयाजीगंजची बाजू बरी. आगगाडी रुळांवर असताना बुकिंग करण्यातही अर्थ नाही, फलाटावरून बाहेर यायला सहा-आठ मिनिटं लागतात आणि तोवर थांबण्याचा आकार सुरू होतो.

दुसरं ठिकाण अटल पूल. गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी असा हा साडेतीन किलोमीटरचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. पुलाखाली उभं राहिलात की ॲपला तुम्ही वर आहात की खाली हे कळत नाही आणि ड्रायव्हरला पुलावरची वाट दिसते. मल्हार पॉइंटसारख्या ठिकाणी मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीच्या तोंडाशी पिन लावा. आणि दुभाजकाच्या ज्या बाजूला जायचं आहे त्याच बाजूला उभे राहा. गाडीला वळसा वाचला की तुमचे पाच मिनिट वाचतात, काही वेळा भाड्यातले दहा-पंधरा रुपयेही.

मांडवी, न्यायमंदिर, घडियाळी पोळ या भागात गाडी आत बोलावूच नका. रिक्षा शिरते, गाडी अडकते. सामान नसेल तर दांडिया बाजारच्या चार रस्त्यावर चालत या.

पाचवी पायरी: बुकिंगचा क्रम

दोन ॲपवर भाडं बघा, पण एका वेळी एकाच ॲपवर बुकिंग करा. दोन्हीकडे मागणी टाकून जी आधी येईल ती घ्यायची सवय नुकसानीची आहे. दुसरी गाडी रिकामी धावते, तुम्हाला कॅन्सलचा आकार लागतो, आणि दोनदा मोजलेल्या मागणीने त्या भागातलं भाडंही वर जातं.

एकाच वेळी दोघांच्या फोनवर वेगळं भाडं दिसणं नवं नाही. पिन थोडी वेगळी असते, सवलत एकाला मिळालेली असते, मधे दोन मिनिटं गेलेली असतात. आयफोन आणि अँड्रॉइडवर वेगळं भाडं लावलं जातं या तक्रारीवरून जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटीस दिली होती. दोघांनीही आरोप नाकारला. घरातल्या दोन फोनवर पाहून कमी असेल तिथून घेण्यात काही वावगं नाही.

गाडी स्वीकारली गेली की नव्वद सेकंद नकाशा बघा. गाडी तुमच्याकडे सरकतेय का? नसेल तर फोन करा आणि स्पष्ट सांगा: 'भाई, कीर्तिस्तंभाच्या समोर, पेट्रोल पंपाच्या बाजूला उभा आहे, अकोट्याला जायचं आहे, पैसे ऑनलाइन देईन की रोख, कसे हवेत?' गुजराती किंवा हिंदीत, जे सोयीचं असेल त्यात. जागा, दिशा, पैसे हे तिन्ही एका दमात कळले की निम्मी घासाघीस संपते. तो 'तुम्हीच कॅन्सल करा' म्हणाला तर लगेच करू नका. तुम्ही केलं तर आकार तुमच्यावर येतो. २०२५ च्या सूचनांनुसार योग्य कारणाशिवाय जो कॅन्सल करेल त्याच्यावर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड आहे, मग तो प्रवासी असो की ड्रायव्हर. कॅन्सल करावंच लागलं तर कारणात 'ड्रायव्हरने करायला सांगितलं' हेच निवडा.

बुकिंगआधी काही वेळा 'थोडे पैसे वाढवा' असं बटण येतं. मे २०२५ मध्ये याच आगाऊ टिपवरून प्राधिकरणाने उबरला नोटीस दिली होती. आमचं मत असं, की टिप उतरताना द्यावी. आधी पिन सुधारा, दहा मिनिटं थांबून बघा, शेजारचा चौक बघा. लांबच्या ठिकाणी रात्री जायचं असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर वाढवलेले वीस-तीस रुपये ड्रायव्हरच्या रिकाम्या परतीचे आहेत असं समजून द्या.

पाऊस, गरबा, विसर्जन, उत्तरायण

जोराच्या पावसात अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरतं आणि ते बंद होतं. ॲपला हे उशिरा कळतं. रुळांच्या पलीकडची गाडी 'चार मिनिटांवर' दिसते आणि यायला वीस लागतात. अशा वेळी भाडं बघू नका, गाडी रुळांच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. विश्वामित्रीला पूर आला, ऑगस्ट २०२४ मध्ये आला तसा, तर पूल बंद होतात आणि शहराचे दोन भाग होतात. तेव्हा ॲपवरचा कुठलाच आकडा धरून चालू नका, घरात थांबता आलं तर थांबा.

नवरात्रीत मध्यरात्री सगळी मैदानं थोड्या अंतराने सुटतात. नवलखी मैदानासारख्या ठिकाणी दारात उभं राहून बुकिंग करणारे शेकडो असतात आणि गाडी गर्दीत शिरूच शकत नाही. शेवटच्या आरतीच्या वीस मिनिटं आधी निघा, नाहीतर पाऊण तास मागे थांबा. मधल्या वेळेत जायचंच असेल तर गाड्या ज्या दिशेने येतात तिकडे सात-आठशे मीटर चालत जा आणि तिथून मागवा. चौघं-पाच जण असाल तर जाताना ज्या रिक्षाने गेलात तिच्याशीच परतीचं ठरवून फोन नंबर घ्या. नऊ रात्रींसाठी याहून भरवशाची सोय नाही.

अनंत चतुर्दशीला मिरवणुकांमुळे मांडवी ते दांडिया बाजार हा पट्टा वाहनांना जवळजवळ बंद असतो. काला घोड्यापर्यंत पायी या, मग ॲप उघडा. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, बरेच ड्रायव्हर स्वतःच पतंग उडवायला गच्चीवर असतात. दिवसा गाड्या थोड्या, सूर्य मावळल्यावर मागणी एकदम वर. आणि या दोन दिवसांत बाइक टॅक्सी कितीही स्वस्त दिसली तरी घेऊ नका. मांज्याने गळा कापला जातो.

पुण्यातून बडोद्यातल्या आईसाठी गाडी मागवताना

मुलं पुण्या-मुंबईत आणि आई-वडील इथे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्या गावातून बुकिंग करताना ॲप तुमचीच जागा धरतं, म्हणून 'दुसऱ्यासाठी बुकिंग' निवडून आईचा नंबर टाका आणि पिन घराच्या फाटकावर ठेवा. एकदा ती जागा नावानिशी सेव्ह करून ठेवा. ओटीपी आणि गाडीचा नंबर मेसेजने पाठवा आणि फोन करून वाचूनही दाखवा. पैसे तुमच्याकडून ऑनलाइन जाणार असतील तर ते आईला आणि ड्रायव्हरला दोघांना सांगा, नाहीतर उतरताना दोनदा दिले जातात. दवाखान्याची वेळ सकाळी दहाची असेल तर साडेआठच्या शाळा-ऑफिसच्या गर्दीत न अडकता सव्वानऊला मागवा. आधीच वेळ ठरवून केलेलं बुकिंग थोडं महाग पडतं आणि ड्रायव्हर ऐन वेळी मिळेलच याची खात्री नसते, म्हणून पहाटेच्या गाडीसाठी एका ओळखीच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर आईच्या फोनमध्ये असावाच.

उतरल्यावर बिल बघा

ठरलेलं भाडं शेवटी बदललं तर कारण चारपैकी एक असतं: मधे थांबा घेतला, वाट बदलली, ड्रायव्हर थांबून राहिला, किंवा टोल. ॲपमधल्या प्रवासाच्या नकाशावर वाट तपासा. कारण नसताना वाढ असेल तर त्याच दिवशी त्या प्रवासाखालच्या मदतीच्या पर्यायातून लिहा: ठरलेली रक्कम, घेतलेली रक्कम, फरक, आणि बुकिंगच्या वेळचा स्क्रीनशॉट. तो आधीच काढलेला असावा, नंतर ती स्क्रीन सापडत नाही. उत्तर ठरावीक साच्याचं आलं तर त्याच धाग्यात पुन्हा लिहा, नवी तक्रार उघडू नका. तरीही निकाल लागला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा आणि कंपनीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी ठेवा, तो तिथे मागतात.